वासराची ढास एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात पोहोचते कशी?

प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडील वासरांच्या श्वसनाच्या आजाराविषयी विचारायचे आहे आणि परिस्थिती नीट कळावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते आहे. वासरांचा गोठा गाईंच्या गोठ्यापासून वेगळा असून त्यात सध्या चौदा वासरे आहेत. सर्वांत लहान वासरू चार दिवसांचे, तर सर्वांत मोठी कालवड साडेतीन महिन्यांची आहे. मधल्या वाटेच्या एका बाजूला दूध पिणाऱ्या आठ वासरांचे एकेरी कप्पे आहेत आणि त्यांच्यामध्ये लोखंडी नळ्यांचे दुभाजक आहेत. वाटेच्या दुसऱ्या बाजूला दूध तोडलेली किंवा तोडत आणलेली सहा वासरे एकत्र राहतात.

तीन आठवड्यांपूर्वी पाच आठवड्यांचे एक वासरू ढासू लागले. त्याने सकाळचे निम्मे दूध टाकले, ताप पाहिला तर ४०.४ अंश सेल्सिअस भरला. त्याच दिवशी मी त्याला गोठ्याच्या टोकाच्या रिकाम्या कप्प्यात हलवले, त्याची बादली वेगळी केली आणि डॉक्टरांनी सांगितलेला औषधोपचार शेवटपर्यंत पूर्ण केला. ते वासरू सावरले. मात्र पुढच्या दहा दिवसांत आणखी चार वासरांची नाके वाहू लागली आणि त्यांपैकी एकाचे पोट श्वास घेताना भात्यासारखे हलत होते. या चारपैकी दोन त्याचे जुने शेजारी होते, त्यांचे मी समजू शकते. उरलेली दोन मात्र त्याच्यापासून चार कप्पे दूर होती आणि त्यांचे नाक त्याच्या नाकाला कधीच लागलेले नाही. वाटेपलीकडची मोठी वासरे ठणठणीत आहेत, अधूनमधून खोकतात एवढेच.

रोजचा क्रमही सांगते. मोठी वासरे मला पाहताच हंबरू लागतात, त्यामुळे त्यांना आधी दूध आणि खुराक देते आणि मग एकेरी कप्प्यांकडे वळते. निपलच्या बादल्या सगळ्यांचे पाजून झाल्यावर एकदम धुते. रात्री गारवा असतो म्हणून संध्याकाळी दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडते. आजारी वासरू पहिल्याच दिवशी वेगळे करूनही संसर्ग पुढे कसा गेला, तो हवेतून गेला, बादलीतून गेला की माझ्याच हातून, हे मला समजून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर : पशुवैद्यक

ताई, आपण परिस्थिती इतकी बारकाईने मांडली आहे की उत्तराचा अर्धा भाग आपल्या प्रश्नातच आलेला आहे. मी थांबलो तो "अधूनमधून खोकतात एवढेच" या वाक्यापाशी. आपल्या गोठ्यात आजाराची सुरुवात त्या पाच आठवड्यांच्या वासरापासून झाली असे आपण धरून चाललात. मला मात्र ते वासरू या साखळीतील पहिले नसून डोळ्यांना दिसलेले पहिले आहे असे वाटते. संसर्ग बहुधा वाटेपलीकडच्या मोठ्या वासरांकडून आला असावा. त्यांना तो सौम्य होऊन जातो, एखादा खोकला आणि थोडे पाण्यासारखे नाक यापलीकडे काही दिसत नाही, परंतु त्या काळात त्यांच्या नाकातून विषाणू बाहेर पडत असतात.

यात कोणकोण सामील असते ते आधी पाहू. विषाणूंमध्ये श्वसन सिन्सिशियल विषाणू, पॅराइन्फ्लुएन्झा ३, गाईंचा कोरोनाविषाणू आणि आयबीआर (गाईगुरांचा नाक व श्वासनलिकेचा संसर्गजन्य दाह) घडवणारा हर्पीस विषाणू ही नेहमीची नावे आहेत. जिवाणूंमध्ये मॅनहायमिया हिमोलिटिका, पाश्चुरेला मल्टोसिडा, हिस्टोफिलस सोम्नी आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस हे प्रमुख होत. पाश्चुरेला म्हटले की आपल्याकडे लगेच घटसर्प डोळ्यांपुढे येतो; परंतु गळ्याला सूज आणणारा घटसर्प त्याच जिवाणूच्या वेगळ्या प्रकारांमुळे होतो आणि वासरांच्या न्यूमोनियात सापडणारे प्रकार निराळे असतात, त्यामुळे घटसर्पाची लस दिली म्हणजे वासरांच्या ढासेची काळजी मिटली असे होत नाही.

यांतील बरेचसे जिवाणू धडधाकट वासराच्या नाकात आणि घशातही मुक्काम करून असतात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचे अस्तर असते आणि ते चिकट स्रावासह धूळ, जंतू सतत वर ढकलत राहते. विषाणू या अस्तरावरच घाला घालतो. अस्तर खरवडले गेले की चार-पाच दिवसांत वरचे जिवाणू खाली फुप्फुसात उतरतात आणि तेव्हा ज्याला आपण न्यूमोनिया म्हणतो तो सुरू होतो. म्हणजे एका वासराकडून दुसऱ्याकडे जाणारी गोष्ट पुष्कळदा विषाणू असते, तर प्राणावर बेतणारा जिवाणू त्या दुसऱ्या वासराच्या नाकात आधीपासूनच असू शकतो. एकमेकांना कधीच न शिवलेली वासरे एकाच आठवड्यात का आजारी पडतात याचा हा एक मोठा भाग आहे. कोंदट हवा, प्रवास, दूध तोडणे, शिंगे काढणे यांतले काहीही सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आले, तर सर्वांचीच तटबंदी एकदम ढासळते.

आता वेळेचा हिशेब पाहा. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा २ ते ७ दिवस जातात आणि ढास स्पष्ट ऐकू येण्याआधीच नाकातून विषाणू पडू लागलेला असतो. आपण वासरू ज्या दिवशी हलवले, त्या दिवशी शेजारच्या दोघांना संसर्ग होऊन गेलेला होता असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. त्यात वासरू गोठ्याच्या टोकाला नेले तरी हवा तीच राहिली, माणूसही तोच राहिला. आपले चुकले असे मी म्हणणार नाही. ताप पाहून त्याच दिवशी उपचार सुरू केले म्हणून ते वासरू वाचले. फक्त त्या हलवण्याने साखळी तुटण्याची वेळ निघून गेलेली होती.

पाच आठवडे हे वयही योगायोगाचे नाही. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे वासरापर्यंत पोहोचत नाहीत, ती केवळ चिकातून मिळतात, आणि जन्मानंतर सुमारे २४ तासांत आतडे ती शोषून घेणे थांबवते. चिकातून मिळालेली ही शिदोरी साधारण १६ ते २० दिवसांत निम्मी होते. वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती तोवर पुरती उभी राहिलेली नसते, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. ज्या वासराला पहिल्या दोन ते चार तासांत वजनाच्या सुमारे १० टक्के चांगला चीक मिळालेला नसतो, त्याच्यासाठी हा नाजूक काळ जन्मापासूनच सुरू होतो. चिकाचा दर्जा ब्रिक्स मापकावर, म्हणजे द्रवात विरघळलेले घन पदार्थ किती आहेत ते दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर, तपासता येतो. २२ किंवा त्याहून अधिक वाचन आले तर तो चीक चांगला समजावा. आजारी पडलेल्या पाचही वासरांना चीक केव्हा आणि किती मिळाला, याची नोंद आपल्याकडे असल्यास ती जरूर काढून पाहा.

दुसरे उत्तर : वासरांचे संगोपन करणारे

डॉक्टरांनी संसर्ग कोठून आला ते सांगितले. तो दूरच्या दोन वासरांपर्यंत गेला कसा याबद्दल मी अनुभवाने लिहितो. ताई, उद्या पहाटे पडदे उचलण्यापूर्वी एक गोष्ट करा. उभ्याने गोठ्यात फिरू नका. एका कप्प्यात शिरून वासराशेजारी गुडघे टेकून बसा आणि तुमचे नाक त्याच्या नाकाइतके खाली नेऊन दोन मिनिटे तिथेच श्वास घ्या. लहान वासरू दिवसाचे १७-१८ तास आडवे असते. तुम्ही वाटेत उभे राहून जी हवा घेता ती त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याला मिळते ती ओल्या पेंढ्यावर साचलेली, मुताच्या वाफेने जड झालेली हवा. डोळे चुरचुरले किंवा उठताना गुडघे ओले झालेले आढळले, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. अमोनिया स्वतः संसर्ग घडवत नाही, परंतु डॉक्टरांनी सांगितलेले ते सूक्ष्म केस त्याच्यामुळे मंदावतात आणि मग हवेतील प्रत्येक जंतू अधिक खोल जातो.

वासरू ढासते तेव्हा उडालेले मोठे तुषार मीटर-दोन मीटरच्या आत खाली बसतात, म्हणून शेजाऱ्याला धोका सर्वांत जास्त असतो. त्यांतील अगदी बारीक कण मात्र हवेतच तरंगत राहतात, आणि पडदे पूर्ण बंद असलेल्या गोठ्यात ते रात्रभर बाहेर जात नाहीत. लहान वासरांच्या अंगातून इतकी ऊब निघत नाही की हवा तापून छपराकडे उठेल आणि आढ्यावरच्या फटीतून बाहेर पडेल. मोठ्या गाईंच्या गोठ्यात जे आपोआप घडते ते वासरांच्या गोठ्यात घडत नाही. त्यामुळे गारठ्यातसुद्धा गोठ्यातील सर्व हवा तासाला किमान चार वेळा बदलली पाहिजे, असे मानले जाते. पडदे वरच्या बाजूने हातभर उघडे ठेवा आणि खालून बंद ठेवा. थोडा धूर करून तो कोठे जातो हे पाहिले तर झोत वासराच्या अंगावर येतो आहे की डोक्यावरून निघून जातो आहे, हे लगेच कळते. वासराच्या उंचीवर वाऱ्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा जास्त नसावा.

गारठ्याची भीती रास्त आहे. पहिल्या आठवड्यातील वासराला सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली ऊब टिकवण्यासाठी अंगातील साठा जाळावा लागतो. परंतु त्यावरचा उपाय पडदे बंद करणे हा नसून खोल, कोरडा पेंढा हा आहे. वासरू बसल्यावर त्याचे पाय पेंढ्यात दिसेनासे झाले पाहिजेत. निम्मे दिसत असतील तर पेंढा कमी आहे, पूर्ण दिसत असतील तर ते थंड जमिनीवरच बसलेले आहे असे समजावे.

दुभाजकांबाबत माझी स्वतःची एक मोठी चूक सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही. नळ्यांतून वासरे एकमेकांची नाके चाटतात हे पाहून मी प्रत्येक कप्पा तिन्ही बाजूंनी फळ्यांनी बंद केला, समोरही अर्धी फळी ठोकली आणि वरून झाकण घातले. संपर्क थांबला खरा, पण ढास वाढली, आणि त्या हंगामात मी एक उत्तम कालवड गमावली. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले काम वाचनात आले, तेव्हा काय घडले ते उमगले. त्यांनी हिवाळ्यात वासरांच्या गोठ्यांत कप्प्याकप्प्यातील हवा मोजली होती. दोन वासरांच्या मध्ये भरीव फळी असली तर आजार कमी आढळला, खोल पेंढा असला तर कमी आढळला आणि कप्प्यातील हवेत जंतूंची संख्या कमी असली तरीही कमी आढळला. पण कप्पा जितक्या जास्त बाजूंनी बंद, तितके त्याच्या आतल्या हवेत जंतू जास्त होते. म्हणून फळी फक्त दोन शेजाऱ्यांच्या मध्ये असावी. पुढची व मागची बाजू जाळीची असावी आणि वर काहीही नसावे. मी त्या फळ्या काढल्या तेव्हा त्यांच्या आतल्या बाजूला बोटाने ओढता येईल असा ओलसर, राखाडी थर जमलेला होता. माझी वासरे तीच हवा श्वासात घेत होती.

मूळ प्रश्नकर्ती

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आज पहाटे सांगितल्याप्रमाणे बसून पाहिले. दोन मिनिटेही पूर्ण बसवले नाही, डोळ्यांतून पाणी आले. छपराच्या पत्र्याला आतून थेंब लटकत होते आणि त्यांतले काही वासराच्या पाठीवर पडत होते, हे मी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलेले नव्हते. चिकाच्या नोंदीही काढल्या. आजारी पाचांपैकी तीन वासरे रात्री जन्मलेली आहेत आणि त्यांना पहिला चीक सकाळी, म्हणजे सहा-सात तासांनी मिळालेला दिसतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. दूध पिऊन झाले की वासरू जिभेने स्वतःच्या नाकपुड्या पुसते आणि लगेच नळ्यांतून शेजाऱ्याचा कान किंवा तोंड चोखू लागते. दुसरे असे की, दूरच्या दोन वासरांपैकी एकाचा डावा कान कालपासून खाली पडलेला आहे आणि ते मान किंचित त्या बाजूला कलती धरते. त्याला ताप फारसा नाही, ३९.६ अंश आहे. येथे एक गोष्ट सांगायला हवी. कासदाहाचे उपचार चालू असलेल्या दोन गाईंचे दूध विक्रीला देता येत नाही, म्हणून ते मी वासरांना पाजत होते आणि ते मुख्यतः या दूरच्या दोघांच्या टोकाकडील चार वासरांना जात होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो का?

तिसरे उत्तर : पशुवैद्यक

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते दूध आजपासूनच थांबवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाच बाजूचा कान पडणे आणि मान कलणे हे मधल्या कानात संसर्ग झाल्याचे लक्षण असते आणि दूध पिणाऱ्या वासरांत त्यामागे पुष्कळदा मायकोप्लाझ्मा बोव्हिस असतो. हाच जंतू गाईच्या कासेत दाह घडवतो, दुधातून बाहेर पडतो, वासराच्या घशात रुजतो आणि तेथून फुप्फुसाकडे, कानाकडे किंवा सांध्यांकडे जातो. ज्या वासरांचा एकमेकांशी संपर्क नव्हता त्यांना जोडणारा दुवा हवेइतकाच दुधाच्या बादलीतही असू शकतो, तो असा.

या जंतूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेशीभित्तिकेवर काम करणारी पेनिसिलिन गटातील औषधे त्याच्यावर चालत नाहीत. घरात उरलेले इंजेक्शन देऊन पाहण्यात येथे दिवस वाया जातात आणि कानातला पू घट्ट होत जातो. आपल्या डॉक्टरांना आजच बोलवा. त्या वासराच्या नाकातील खोलवरचा नमुना आणि त्या दोन गाईंच्या दुधाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवण्याविषयी त्यांच्याशी बोला, आणि मायकोप्लाझ्माची तपासणी हवी आहे हे स्पष्ट सांगा, कारण नेहमीच्या जिवाणू-वाढीच्या चाचणीत तो दिसत नाही.

दूध पाजायचेच असेल तर ते पाश्चरीकरण केलेले असावे. ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद एवढी उष्णता या जंतूला पुरते. चिकासाठी मात्र ६० अंशांवर ६० मिनिटे ठेवतात, कारण त्याहून जास्त तापवल्यास चीक घट्ट होतो आणि प्रतिपिंडे नष्ट होतात. तरीही उपचार चालू असलेल्या गाईच्या दुधातील औषधाचे अंश पाश्चरीकरणाने जात नाहीत आणि ते पीत राहिल्याने वासरांच्या अंगातील जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात, म्हणून मी ते दूध वासरांना देऊच नये असे म्हणेन.

नाकपुड्या चाटून शेजाऱ्याचा कान चोखण्याबद्दल आपण जे पाहिलेत, तोच नाकातून नाकाकडे जाणारा रस्ता आहे. चोखण्याची ओढ दूध संपल्यावर साधारण दहा मिनिटे टिकते. दूध संपले तरी तेवढा वेळ रिकामे निपल त्याच्या तोंडात राहू द्यावे, आणि निपलचे छिद्र कापून मोठे करू नये. मोठ्या छिद्रामुळे दूध झटपट संपते, चोखण्याची भूक मात्र तशीच राहते, आणि घाईत गिळताना दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. प्रत्येक वासराचे निपल वेगळे असणे उत्तम. ते जमत नसेल तर एका वासरानंतर दुसऱ्याच्या तोंडी देण्याआधी ते धुतलेच पाहिजे. आधी कोमट पाण्याने दुधाचा अंश काढावा, मग गरम पाणी व साबणाने घासावे आणि पूर्ण वाळू द्यावे. श्वसनाचे बहुतेक विषाणू स्निग्ध आवरणाचे असल्याने साबण आणि कोरडेपणा यांपुढे ते फार काळ टिकत नाहीत. मायकोप्लाझ्मा मात्र गार, ओलसर जागी आणि दुधाच्या अंशात अनेक दिवस तग धरतो.

कामाचा क्रम उलटा करा. सर्वांत लहान, निरोगी वासरांपासून सुरुवात करून मोठ्यांकडे जावे आणि आजारी वासरे सर्वांत शेवटी घ्यावीत. मोठ्यांचे हंबरणे ऐकवत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यांना आधी पाजून, चाटून घेऊन, त्याच बाह्या आणि त्याच हातांनी चार दिवसांच्या वासराच्या तोंडात निपल देणे म्हणजे संसर्ग स्वतः उचलून नेऊन पोहोचवणे होय.

चौथे उत्तर : वासरांचे संगोपन करणारे

मोठ्या आणि लहान वासरांना एकाच छताखाली ठेवू नये, या मुद्द्यावर मला अधिक जोर द्यावासा वाटतो, कारण माझ्या मते बाकी सर्व उपायांपेक्षा याचा परिणाम मोठा होतो. ती सहा वासरे गोठ्यातून बाहेर काढता आली, मग ती नुसत्या शेडखाली का असेनात, तर लहानांच्या हवेवरचा निम्मा भार हलका होईल. दूध तोडण्याच्या वेळी त्यांना लगेच मोठ्या गटात मिसळण्याची घाईही करू नका. स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ते १८ वासरांच्या गटांत श्वसनाचे आजार ६ ते ९ वासरांच्या गटांपेक्षा जास्त आढळले होते. गट लहान असावा, वयात फार अंतर नसावे, आणि एकदा केलेल्या गटात मागाहून नवे वासरू घालू नये. एक गट पूर्ण हलला की कप्पा रिकामा करून, धुऊन, वाळवून मगच पुढचा गट आणावा. धुताना एक पथ्य पाळा. वासरे गोठ्यात असताना जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, त्याने जमिनीवरची घाण बारीक तुषार होऊन हवेत मिसळते.

काही जण यावरून वासरू दोन महिने अगदी एकटे ठेवावे असे सुचवतात, ते मला पटत नाही. समवयस्क जोडीतली वासरे खुराक लवकर खायला शिकतात आणि बदलाला कमी बुजतात. जोडी कायम तीच राहिली आणि हवा चांगली असली तर जोडीने ठेवल्याने माझ्याकडे ढास वाढलेली नाही. मात्र सध्या तुमच्या गोठ्यात संसर्ग चालू आहे, तेव्हा हे सगळे शमेपर्यंत एकेरी कप्पे आणि मध्ये भरीव फळ्या हेच योग्य.

पाचवे उत्तर : पशुवैद्यक

जोडीविषयीच्या मताशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की ढास कानावर येण्याची वाट पाहू नये. फुप्फुसाचा मोठा भाग घट्ट होऊनही वासरू दूध पीत राहते आणि बाहेरून बरे दिसते. सोनोग्राफीने पाहिल्यावर अशी वासरे बरीच सापडतात, आणि तीच संसर्ग पुढे नेत राहतात. गाईगुरांत श्वासनलिकेची एक फांदी मुख्य दुभाजनाच्या आधीच उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागाकडे जाते, म्हणून तो भाग बहुधा आधी बिघडतो. आपल्या डॉक्टरांना उजव्या पुढच्या पायाच्या काखेत, अगदी पुढे सरकवून नळी लावायला सांगा.

नियमित करण्यासारखे म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पद्धतीने गुण देणे. ताप, खोकला, नाकातील स्राव यांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यावेत, तसेच डोळे व कान यांपैकी जे अधिक बिघडलेले असेल त्याला गुण द्यावा. बेरीज ४ आली तर लक्ष ठेवावे आणि ५ किंवा अधिक आली तर उपचारासाठी डॉक्टरांना कळवावे. आठवड्यातून दोनदा, दूध पाजण्याआधी सर्व वासरांची अशी फेरी घातली तर आजार दोन-तीन दिवस आधी हाती लागतो. नाकातून देण्याच्या लशींविषयीही डॉक्टरांशी बोला. चिकातील प्रतिपिंडे रक्तात असतानाही त्या नाकातच स्थानिक संरक्षण उभे करू शकतात, म्हणून लहान वयात त्यांचा उपयोग होतो; मात्र कोंदट हवेची आणि उशिरा मिळालेल्या चिकाची भरपाई कोणत्याही लशीने होत नाही.

एक शंका मनात ठेवावी. गोठ्यात असे प्रसंग पुन्हापुन्हा येत असतील तर बीव्हीडी (गाईगुरांचा विषाणूजन्य अतिसार) या विषाणूची तपासणी करून घ्यावी. गाभणपणाच्या पहिल्या चार महिन्यांत गाईला हा संसर्ग झाला तर पोटातले वासरू त्याला परका मानत नाही, ते जन्मभर विषाणू सोडत राहते आणि भोवतालच्या वासरांची प्रतिकारशक्ती खच्ची करते. असे वासरू कधी खुरटलेले असते, कधी अगदी गुटगुटीतही दिसते. कानाच्या टोकाच्या लहानशा तुकड्यावरून ते ओळखता येते.

मूळ प्रश्नकर्ती

सहा मोठी वासरे काल बाहेरच्या शेडखाली हलवली, पडद्यांची वरची बाजू उघडी ठेवली आणि दुभाजकांना फळ्या लावल्या. पुढचे व मागचे तोंड मोकळेच ठेवले आहे. आज पहाटे पत्र्याला थेंब नव्हते. कान पडलेल्या वासराचा नमुना गेला आहे, उपचार सुरू झाले आहेत. रात्री विणाऱ्या गाईंसाठी आता तपासलेला चीक गोठवून ठेवणार आहे, म्हणजे सकाळची वाट पाहावी लागणार नाही. एकच विचारायचे राहिले. टोकाच्या कप्प्यात ठेवलेले पहिले वासरू आता ताप नसल्याने, भरपूर दूध पीत असल्याने चांगले दिसते. त्याला पुन्हा त्याच्या जुन्या जागी आणावे का?

सहावे उत्तर : पशुवैद्यक

आणू नका. त्याची जुनी जागा आता दहा-बारा दिवसांच्या वासरांच्या शेजारी आलेली असणार. विषाणू एक-दोन आठवड्यांत नाकातून पडणे थांबतो, परंतु मायकोप्लाझ्मा असल्यास बरे दिसणारे वासरूही तो अनेक महिने बाळगू शकते, आणि प्रयोगशाळेचे उत्तर अजून यायचे आहे. त्याच्यासोबत आजारी पडून बरी झालेली त्याच्याच वयाची वासरे असतील, तर त्यांच्या शेजारी ठेवावे आणि पुढचा प्रवास त्या सर्वांनी मिळून करावा. लहानांच्या बाजूला एकदा मोठ्यांकडे गेलेले वासरू परत येऊ नये. त्याच्या टोकाच्या कप्प्यातला पेंढा पूर्ण काढा, कप्पा धुऊन कोरडा होऊ द्या, आणि तोवर नवीन जन्मलेले वासरू तेथे ठेवू नका.